मार्कोनीची गाडी आणि आमचा टेम्पो

गेल्या वर्षी डिसेंबरात एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी आम्ही भोर तालुक्यातल्या एका गावात होतो. मुलींना शाळेची खोली मिळाली आणि आम्हा सात जणांच्या वाट्याला आला टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा मागे पाडून त्यातच झोपायचं. मोबाईलला रेंज नाही, कारण तिन्ही बाजूंनी डोंगर. ग्रामपंचायतीत मात्र वायफाय होतं आणि ग्रामसेवकांनी पासवर्डही दिला. अडचण एकच. पंचायत आणि आमचा टेम्पो यांच्यात अडीचशे मीटरचं अंतर, आणि टेम्पोचा सगळा पत्रा.

टेलिकॉमचा विद्यार्थी म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही आव आणून आठ डेसिबलचा अँटेना बांबूला बांधला, बांबू टेम्पोच्या कॅरिअरवर उभा केला आणि वरून दहा मीटर आरजी ५८ केबल खिडकीतून आत घेतली. लॅपटॉपवर सिग्नल बघतो तर खिडकीत नुसता लॅपटॉप धरल्यावर मिळायचा त्याच्याहून कमी! पोरांनी शिबिर संपेपर्यंत मला जी काही नावं ठेवली ती या पानांवर छापण्यासारखी नाहीत.

परत आल्यावर लॅबमधल्या काकांना हे सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग एका जुन्या पुस्तकातला फोटो त्यांनी दाखवला. १९०१ सालची वाफेवर चालणारी मोटारगाडी, टपावर एक भलामोठा धातूचा उभा नळकांडा आणि सोबत काही माणसं. ती गाडी मार्कोनीची. तो फोटो बघून मी त्याच्या मागे लागलो. बारावीच्या पुस्तकात आपल्याला तो दोन ओळींत भेटतो, व्हायवाला तेवढं पुरतंही. पण या माणसाने आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही. रेंज वाढवायची, बस्स. आणि त्यातलं निम्मं आयुष्य चालत्या वाहनातून.

गुल्येल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील जमीनदार, आई ॲनी जेमसन आयर्लंडची, तिथल्या प्रसिद्ध व्हिस्कीवाल्या जेमसन घराण्यातली. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. पोरगा मात्र शाळेत रमला नाही आणि विद्यापीठात त्याला रीतसर प्रवेश कधी मिळालाच नाही. हे वाचून आपल्यातल्या काही जणांना बरं वाटेल, पण घाई करू नका. आईने ओळख काढून प्राध्यापक रीगी यांच्याकडे त्याची सोय लावली. रीगी हे हर्ट्झच्या लहरींवर काम करणारे मोठे भौतिकशास्त्रज्ञ. १८९४ च्या सुरुवातीला हर्ट्झ वारले, त्यानिमित्त त्यांच्या कामावर बरंच छापून आलं, ते मार्कोनीने सुट्टीत डोंगरात असताना वाचलं आणि त्याच्या डोक्यात एकच किडा शिरला. या लहरींनी तारेशिवाय तार पाठवता येईल.

घराच्या माळ्यावर, जिथे पूर्वी आजोबांचे रेशमाचे किडे असत, तिथे त्याने सामान मांडलं. सामानात नवीन काही नव्हतं हे स्पष्ट सांगायला हवं. ठिणगी पाडणारं यंत्र हर्ट्झ आणि रीगींचं. लहर ओळखणारी भुकटीची नळी, कोहिअरर, फ्रान्सच्या ब्रान्लीची आणि इंग्लंडच्या लॉजची. इकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली भिंतीपलीकडची घंटा अशाच लहरींनी वाजवून दाखवली होती. बोस तर मिलिमीटरमध्ये मोजायच्या लहरींवर काम करत होते, मार्कोनीच्या कितीतरी पुढे. मग मार्कोनीने केलं काय? बाकी सगळे लहरींचा अभ्यास करत होते, हा मात्र रोज संध्याकाळी आज किती लांब गेली एवढंच मोजत होता.

१८९५ च्या उन्हाळ्यात त्याने यंत्र बागेत आणलं. पत्र्याचा एक तुकडा उंच टांगला, दुसरा जमिनीला जोडला, आणि रेंज एकदम वाढली. हा खरा त्याचा शोध. अँटेना उंच करायचा आणि दुसरं टोक जमिनीत पुरायचं. पुढे त्याने मोजून नियमच काढला की अंतर साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. उंची दुप्पट तर रेंज चौपट. थिअरी त्याला पूर्ण कळलेली नव्हती, पण आकडे त्याच्याकडे होते. मोठा भाऊ आल्फोन्सो रिसीव्हर घेऊन शेतात जायचा आणि सिग्नल आला की रुमाल हलवायचा. मग एके दिवशी त्याला टेकडीपलीकडे पाठवलं. तिथून रुमाल दिसणार नाही म्हणून हातात बंदूक दिली. मार्कोनीने बटण दाबलं आणि टेकडीमागून बार ऐकू आला. दोन किलोमीटरच्या आसपास अंतर, मधे टेकडी. मला या सगळ्या चरित्रात हा प्रसंग सर्वांत आवडतो. आमच्या भोरच्या डोंगरात आम्हीही बंदुकीऐवजी मोबाईलचा टॉर्च वापरला होता, एवढाच फरक.

१८९६ च्या फेब्रुवारीत तो आईबरोबर लंडनला गेला. वय एकवीस. आईचे नातेवाईक कामाला आले, २ जून १८९६ ला पेटंटचा अर्ज गेला आणि पोस्ट खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी त्याला पंखाखाली घेतलं. त्याच वर्षी सॅलिसबरीच्या माळावर त्याने तांब्याचे पॅराबोलिक रिफ्लेक्टर लावून पावणेतीन किलोमीटर गाठले. रिफ्लेक्टर! म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या डी विंगमध्ये डोंगलमागे स्टीलची चाळणी किंवा कढई लावून जे करतात, ते याने तेव्हाच केलं. पण अंतर वाढवायला लांब लहरी आणि उंच तारा जास्त उपयोगी पडतात असं दिसलं आणि त्याने रिफ्लेक्टर बाजूला ठेवले. ही चूक होती, आणि ती कळायला त्याला पंचवीसेक वर्षं लागली.

१८९७ च्या मे महिन्यात ब्रिस्टलच्या खाडीवर प्रयोग होता. किनारा आणि फ्लॅट होम बेट, मधे पाच किलोमीटरच्या वर पाणी. प्रीस हजर, बर्लिनचे प्राध्यापक स्लाबी पाहुणे म्हणून हजर. दोन दिवस काहीही आलं नाही. आपल्या एक्स्टर्नलसमोर प्रोजेक्ट बंद पडतो तेव्हा पोटात कसं होतं ते आठवा. तेरा तारखेला त्यांनी यंत्र कड्यावरून उचलून खाली वाळूत नेलं. त्यामुळे वरच्या खांबापासून तारेची लांबी आणखी वीस यार्डांनी वाढली, आणि सिग्नल स्वच्छ आला. बघा, खांब उंच करायला वेळ नव्हता म्हणून यंत्रच खाली नेलं. स्लाबी हे सगळं नीट बघून जर्मनीला गेले आणि तिथे प्रतिस्पर्धी यंत्रणा उभी केली. तेव्हाही असं व्हायचं.

त्याच वर्षी कंपनी निघाली. पुढची वर्षं हॉटेलं आणि जहाजं यांतच गेली. घर असं नव्हतंच. १८९८ साली डब्लिनजवळच्या बोटींच्या शर्यतीचे निकाल त्याने एका टगबोटीवरून वर्तमानपत्राला बिनतारी पाठवले. १८९९ च्या मार्चमध्ये इंग्लिश खाडीपलीकडे फ्रान्सशी संपर्क झाला, अंतर पन्नासएक किलोमीटर.

आता ती गाडी. १९०१ साली पूलच्या हेवन हॉटेलमध्ये त्याचा मुक्काम आणि प्रयोगशाळा होती. त्याने थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या वाफेच्या गाडीत पूर्ण वायरलेस संच बसवला. लष्कराला चालत्या फौजेबरोबर नेता येईल असं काहीतरी हवं होतं, कारण दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात उंच खांब मिळेनात म्हणून यांचे संच जमिनीवर फार चालले नव्हते. गाडीवर पन्नास मीटरचा खांब कसा नेणार? म्हणून सहासात मीटरचा धातूचा नळकांडा, बिजागरीवर. गाडी चालताना तो आडवा पाडायचा, थांबल्यावर उभा करायचा. बारीक तारेऐवजी जाडजूड नळकांडा घेतल्याने कपॅसिटी वाढते आणि कमी उंचीतही काम भागतं, हा हिशेब. जमिनीचं काय? खणून पत्रा पुरायला वेळ नाही, म्हणून तारेची जाळी नुसती जमिनीवर अंथरायची. एवढ्यावर तीसएक किलोमीटर पलीकडच्या केंद्राशी बोलणं झालं. आज व्हॅनमध्ये राहणारे लोक टपावर घडीचा खांब आणि अँटेना लावून फिरतात, त्या सगळ्यांचा हा मूळपुरुष.

आणि त्या फोटोत मला माझी चूक दिसली. त्याचा नळकांडा टपावर, आणि यंत्र लगेच खाली गाडीत. मधे लांबण नाही. माझी केबल २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे जवळपास एक डेसिबल खाते. दहा मीटरला दहा डेसिबल. म्हणजे अँटेनाने जे काही गोळा केलं त्याचा दहावा भाग लॅपटॉपपर्यंत पोचला. आठ मिळवले आणि दहा घालवले! ॲडॉप्टरच बांबूवर बांधून खाली यूएसबी केबल आणली असती तर पाच मीटरपर्यंत काही बिघडलं नसतं, कारण त्यातून येतात ते आकडे, रेडिओ लहर नव्हे. हे सगळं सेकंड इयरला शिकलो होतो. असो.

गाडीचा प्रयोग बाजूला पडला, कारण याच्या डोक्यात तेव्हा अटलांटिक होता. जाणकारांचं म्हणणं होतं की लहर सरळ जाते, पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ती अवकाशात निघून जाईल. गणित बरोबर होतं. मार्कोनीकडे त्याला उत्तर नव्हतं, फक्त हट्ट होता. इंग्लंडच्या टोकाला पोल्ढूला वीस खांबांचं मोठं वर्तुळ उभारलं, ते १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळात आडवं झालं. अमेरिकेतल्या केप कॉडचंही तसंच झालं. तेव्हा त्याने पोल्ढूला कामचलाऊ अँटेना उभा करायला लावला आणि स्वतः केम्प आणि पॅजेट या दोन मदतनिसांसह न्यूफाउंडलंडला गेला. सामान काय, तर फुगे आणि पतंग. ११ डिसेंबरला फुगा सुटून गेला. १२ ला पहिला पतंग तुटला. दुसऱ्या पतंगाला लोंबणारी दीडशे मीटरची तार वाऱ्यात वरखाली होत होती, त्यामुळे ट्यून केलेला रिसीव्हर काही ऐकू देईना. मग त्याने साधा, ट्यून न केलेला पाऱ्याचा कोहिअरर लावला आणि कानाला टेलिफोन. दुपारी साडेबाराच्या सुमारास त्याला तीन टिचक्या ऐकू आल्या. एस हे अक्षर. केम्पनेही ऐकलं. अंतर सुमारे ३४०० किलोमीटर.

यात दोन खडे आहेत, दोन्ही सांगायला हवेत. पहिला म्हणजे हे फक्त दोघांनी ऐकलं, कागदाच्या पट्टीवर काही उमटलं नाही, आणि ते दोघे काय ऐकायचं हे आधीपासून जाणत होते. भर दुपारी त्या लहरलांबीवर एवढं अंतर जमलं असेल का, यावर आजही वाद आहे. दुसरा खडा म्हणजे तो पाऱ्याचा कोहिअरर त्याला इटालियन नौदलातल्या सोलारीकडून मिळाला होता, पण लोखंड आणि पाऱ्याचा असा कोहिअरर जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. बोस यांना शोधांची पेटंटं घेऊन पैसा करणं मुळात पसंत नव्हतं. मार्कोनीने त्यांना श्रेय द्यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण रेडिओ बोस यांनी शोधला आणि गोऱ्याने चोरला असं जे आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात, तेही मला पटत नाही. पतंग धरून थंडीत उभं राहण्याचं काम त्याने केलं होतं.

शंका त्यालाही बोचली असावी. १९०२ च्या फेब्रुवारीत तो फिलाडेल्फिया जहाजाने अमेरिकेला निघाला आणि या वेळी पट्टीवर छापणारा रिसीव्हर लावला. कॅप्टनच्या साक्षीने २५०० किलोमीटरपर्यंत पूर्ण संदेश आले, आणि नुसतं एस ३३०० च्या पुढेपर्यंत. पण हे रात्री. दिवसा अकराशे किलोमीटरनंतर सगळं गप्प. दिवसा आणि रात्री रेंज वेगळी असते हे असं चालत्या जहाजावर कळलं. त्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी वर वातावरणात लहरी परतवणारा थर असावा असं सुचवलं. म्हणजे गणितवाले चुकले नव्हते, पृथ्वीला छत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

१९०९ चं नोबेल त्याला जर्मनीच्या ब्राउनबरोबर विभागून मिळालं. पदवी नसलेल्या माणसाला भौतिकशास्त्राचं! १९१२ ला टायटॅनिक बुडाली. तिच्यावरचे दोन्ही वायरलेस ऑपरेटर मार्कोनी कंपनीचे नोकर. त्यातला फिलिप्स गेला, ब्राइड वाचला. त्यांच्या संदेशावर कार्पेथिया आली आणि सातशेच्या वर माणसं वाचली. पण याहून कितीतरी जवळ कॅलिफोर्नियन नावाचं जहाज उभं होतं. त्यावरही वायरलेस होतं. एकच ऑपरेटर, दिवसभराचं काम संपवून यंत्र बंद करून झोपला होता. रेंज होती, ऐकणारं कुणी नव्हतं. जहाजांवर चोवीस तास कुणीतरी ऐकत बसलं पाहिजे हा नियम त्यानंतर आला. त्याच वर्षी मोटार अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला.

घरचं फारसं बरं नव्हतं. १९०५ साली बिआट्रिस ओब्रायन हिच्याशी लग्न, तीन मुलं वाढली, पण हा कायम कुठल्यातरी किनाऱ्यावर. १९२४ ला घटस्फोट. दुसरं लग्न १९२७ साली.

१९१९ मध्ये त्याने एक जुनी वाफेची नौका विकत घेतली. लांबी ६७ मीटर, आधी ऑस्ट्रियाच्या राजघराण्याची. नाव ठेवलं एलेत्रा. धाकट्या मुलीचंही पुढे हेच नाव ठेवलं. या नौकेत त्याचं घर, ऑफिस आणि लॅब एकत्र. मला विचाराल तर हाच त्याच्या आयुष्याचा उत्तम काळ. सगळं जग मैलामैलाच्या लांब लहरी आणि प्रचंड केंद्रं बांधत होतं, त्यानेच ती सवय लावली होती. पन्नाशीला आलेल्या मार्कोनीने आपण चुकलो हे मान्य केलं आणि पुन्हा लहान लहरी आणि रिफ्लेक्टरकडे वळला. १९२३ ला पोल्ढूहून त्याचा सहकारी फ्रँकलिन ९७ मीटरवर पाठवायचा आणि हा एलेत्रा घेऊन दूर दूर जात ऐकायचा, थेट आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांपर्यंत, चार हजार किलोमीटर. दुसऱ्या वर्षी ३२ मीटरवर बैरूटला, तेही दिवसाढवळ्या. कमी शक्ती, पण एका दिशेला एकवटलेली. याला बीम म्हणतात.

आणि इथे आपला संबंध येतो, जो मला अजिबात माहीत नव्हता. इंग्लंडने साम्राज्यभर बीम केंद्रं उभारायची ठरवली आणि हिंदुस्थानचं केंद्र कुठे झालं? पाठवणारं खडकीला आणि ऐकणारं दौंडला! १९२७ साली ते सुरू झालं. समोर इंग्लंडमध्ये ग्रिम्सबी आणि स्केग्नेस. दोन्ही इतकी लांब का, तर आपल्याच ट्रान्समीटरच्या आवाजाने आपलाच रिसीव्हर बहिरा होऊ नये म्हणून. सोलापूरची पोरं दर सुट्टीत दौंडला चहा पितात, त्यांनी लक्षात ठेवावं.

१९३० च्या मार्चमध्ये त्याने जेनोवाच्या बंदरात एलेत्रावर बसून कळ दाबली आणि ऑस्ट्रेलियात सिडनीच्या टाउन हॉलचे दिवे लावले. १९३२ ला ५७ सेंटिमीटरच्या लहरींवर गेला. आपलं वायफाय साडेबारा सेंटिमीटरचं, म्हणजे आता अगदी शेजारच्या गल्लीत. पोप महाशयांच्या दोन वाड्यांमध्ये त्याने असा दुवा बसवून दिला. १९३४ साली एलेत्राच्या खिडक्या झाकून, नुसत्या रेडिओच्या इशाऱ्यावर तिला दोन बोयांमधून नेऊन दाखवलं.

याच माणसाने १९२३ साली मुसोलिनीच्या पक्षात नाव घातलं होतं. १९३० ला मुसोलिनीच्या अकादमीचा अध्यक्ष झाला, आणि पुढे ॲबिसिनियावरच्या आक्रमणाची बाजू घेत देशोदेशी फिरला. काही चरित्रांत हे एका वाक्यात उरकतात. मला ते खटकलं. हे त्याला कुणी करायला लावलं नव्हतं, मानमरातब आधीच भरपूर होता.

२० जुलै १९३७ ला रोममध्ये हृदयविकाराने तो गेला. ब्रिटनसह ठिकठिकाणची केंद्रं त्याच्यासाठी दोन मिनिटं बंद राहिली. १९४३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्यूनिंगच्या पेटंटातले त्याचे मुख्य दावे रद्द केले, कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचं काम आधीचं होतं. एलेत्रा जर्मनांनी ताब्यात घेतली आणि १९४४ च्या जानेवारीत ती बॉम्बहल्ल्यात निकामी झाली. १९७७ मध्ये तिचे तुकडे केले. ते तुकडे इटलीत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेत, त्यातला एक त्याच्या घराच्या बागेत आहे, तिथेच त्याची समाधीही आहे.

या डिसेंबरात पुन्हा शिबिर आहे, गाव तेच, टेम्पोही तोच. लॅबच्या काकांनी जुनी चाळणी दिली आहे. यूएसबी केबल तीन मीटरची घेतली आहे.